पाचव्या सुरानंतर

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज पुन्हा खोटं बोललो. या वेळी कॅमेऱ्यासमोर, तोंडावर दोन दिवे आणि शर्टाला माईक लावून. येताना स्टेशनरीवाल्याकडून ही वही घेतली. एकदा तरी कुठेतरी खरं लिहून ठेवावं म्हणून. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे माझ्यासारख्यालाही हे धाडस परवडतं.

आमच्या ‘खिडकी’ बँडला पंधरा वर्षं झाली. श्रुतिका नावाची एक हुशार मुलगी आमच्यावर माहितीपट करतेय. गाणी आम्ही बरीच केली, पण लोकांच्या लक्षात राहिलं एकच, ‘भरती’. त्यातही लोकांना आठवते ती सुरुवात. सगळे गप्प आणि फक्त माझा बेस. पाच सूर, मग एक थांबा, मग तीन सूर. एका पोराने ते आठ सूर दंडावर गोंदवून घेतलेत, मी स्वतः पाहिलंय.

बाकी माझी कारकीर्द सांगण्यासारखी नाही. बँड जमला तेव्हा विकीकडे गिटार होती, भीमराजकडे ड्रम होते, बेस कोणालाच नको होता म्हणून मी घेतला. तेव्हापासून विकीच्या डावीकडे उभा आहे. पोस्टरवर जागा कमी पडली की मी कापला जातो. दिवसा चकाल्यात मुलांना गिटार शिकवतो. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाजवळ सांगायला एवढे आठच सूर असतील तर तो ते घट्ट धरून बसणारच, नाही का?

श्रुतिकाने विचारलं, “हे सुचलं कसं?”

मी म्हणालो, जुहूच्या किनाऱ्यावर. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नुसता किनारा होता. पुढच्या मुलाखतीत भरती आली, मग एक लंगडा कुत्रा आला. आज मी मावळता सूर्यही आणला. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर तिने भीमराजला विचारलं, तू कुठे शिकलास? तो म्हणाला, “घाटकोपरला, बापाच्या ढोलकीवर. बाप गायन पार्टीत होता. जयंतीला रात्ररात्र वाजवायचा, मी मांडीवर झोपायचो. अजून काय सांगू?” एवढंच. मला मान वर करवेना.

खरं ते हे. २००९च्या जानेवारीत मरोळ गावठाणात माझ्या चुलतभावाचं, ऑस्टिनचं लग्न होतं. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ मराठी ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. बायका लुगडी नेसून, बँडबाजा घेऊन, गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि आंघोळीचं पाणी कळशीत भरून आणतात. येताना बाजेवाले दम खायला थांबले आणि नुसत्या बायका गात राहिल्या. गाणं सगळ्या गावाचं. पण सगळ्यांच्या आवाजाखालून एकच आवाज वेगळा चालला होता. आयडा मावशीचा. चर्चच्या क्वायरमध्ये ती आयुष्यभर खालचा आवाज गायली, ती सवय तिने लग्नाच्या गाण्यात आणली. या गाण्याचा खालचा आवाज तिचा तिनेच बसवला होता. घरी येऊन मी तो बेसवर काढला. आठ सूर.

लग्नानंतरच्या सरावाला विकी म्हणाला, “झकास! कुठून आणलंस?” मला आमची पत्र्याची पडवी दिसली, लुगड्यातली मावशी दिसली, आणि मी जुहू म्हणालो. विकीने त्यावरून भरतीवर शब्द लिहिले. खोटं आधी, गाणं नंतर.

७ डिसेंबर, शनिवार

काल भीमराज चैत्यभूमीला होता, म्हणून सराव आज झाला. जॅम रूममध्ये ‘भरती’ तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा तो मध्येच थांबला.

“रॉनी, एक बोलू? हे समुद्राचं नाय वाटत यार. हे चालीचं आहे. कुणीतरी चालतंय, डोक्यावर वजन घेऊन. आणि पाचव्यानंतर काहीतरी आडवं येतंय.”

विकी हसला. “पंधरा वर्षांनी ह्याला साक्षात्कार झाला!”

मीही हसलो. माझं हसू जरा जास्तच लांबलं. तो थांबा म्हणजे माझी खूण मानतात लोक. एका मासिकात त्याच्यावर अख्खा परिच्छेद होता. मला स्वतःला तो का आहे ते माहीत नाही. मावशी तिथे थांबली होती, म्हणून मी थांबतो.

१५ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

ब्रिजेटची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी ॲमांडा. तिचं लग्न बारा जानेवारीला. ऑस्टिननंतर घरातलं हे पहिलंच. मधल्या काळात गावात जी लग्नं झाली त्यांत पाणी भरायलासुद्धा डीजे असायचा. पण ॲमांडाने हट्टच धरलाय, बायकांनी गात जायचं आणि आयडा नानीने खालून धरायचं. म्हणून आज पोरी आमच्या पडवीत गाणी शिकायला जमल्या होत्या. शिकवायला मावशी. चौऱ्याहत्तर वर्षांची, खुर्चीत ताठ.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मला मावशीनेच वाढवलं, अजून त्याच घराच्या मागच्या खोलीत राहते. स्वयंपाक करताना सारखी गुणगुणायची. ते कधी बंद झालं माझ्या लक्षात नाही.

पोरींनी गाणं धरलं आणि मावशीने खालचा आवाज लावला. पाच सूर, थांबा, तीन सूर. सई नावाची ॲमांडाची मैत्रीण ओरडलीच, “आंटी, हे तर ‘भरती’चं आहे! रॉनी अंकलचं चोरलं तुम्ही!”

सगळ्या पोरी खिदळल्या. मी दारात चहाचा कप घेऊन उभा. मावशीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी काही बोललो नाही. तीन सेकंद तरी होते माझ्याकडे, बेसवाल्याला सेकंद मोजता येतात.

मग ती म्हणाली, “व्हय की. रॉनीचंच हाय. त्याचंच ऐकून कानात बसलंय. वय झालं गं बाय, दुसऱ्याचं आपलं वाटाया लागतं.”

आणि तिने पोरींना वरचा आवाज शिकवायला घेतला. तिसऱ्या कडव्यात त्या एक ओळ चुकल्या तर लगेच पकडलं. वर सांगितलं की हीच चूक १९८८ साली फिलोमिनाच्या लग्नात झाली होती, आणि त्या दिवशी तळायच्या फुग्यांचं पीठ आंबलं नव्हतं.

बिचारी विसरायला लागली आहे. स्वतःचं गाणं स्वतःचं आहे हेच विसरली. मला फार वाईट वाटलं. आणि हेही लिहितो. वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

ब्रिजेट सकाळीच आली. मावशीने तिला सांगितलंय, मी उंबराच्या पाण्याला येईन, पण गाणार नाही. श्रुतिकाचा कॅमेरा येणार आहे, लोक म्हणतील म्हातारी भाच्याचं गाणं गाते, त्याला लाज आणते. ॲमांडा रात्रभर रडली.

“तू बोल तिच्याशी,” ब्रिजेट म्हणाली. “तुझं ऐकते ती.”

मी म्हटलं, तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, विसरते ती. ब्रिजेट माझ्याकडे बघतच राहिली. “आयडा मावशी? अख्ख्या गल्लीचे वाढदिवस तिला तोंडपाठ आहेत! वेडा आहेस काय तू?” म्हटलं, असंच असतं, एखादीच गोष्ट पुसली जाते.

मग मागच्या खोलीत गेलो. मावशी तांदूळ निवडत होती. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मावशी, ते तुझं आहे, एवढंच वाक्य. तोंडातून निघालं ते असं :

“गा ना मावशी. माझी हरकत नाही. माझी परवानगी आहे.”

तांदूळ निवडणारी बोटं थांबली नाहीत. “थँक्यू हा, पोरा,” ती म्हणाली. “पन नको.”

मी तिला परवानगी दिली. तिला, तिच्याच आवाजाची! हे वाक्य मी आता दहा वेळा वाचलं. अक्षर माझंच आहे.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

दुपारी जेवणं झाल्यावर मावशीने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढायला सांगितला. मला वाटलं नाताळचा फराळ असेल. आत कात्रणं होती. आमच्या बँडची, पंधरा वर्षांची. ज्या पोस्टरांत मी कापला गेलो तीसुद्धा. मासिकातली माझी मुलाखत प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली. तो थांब्यावरचा परिच्छेद पेन्सिलने खुणावलेला होता.

“जुहूला तू किती वाजता गेलतास रे तवा?” तिने विचारलं.

“संध्याकाळी.”

“भरती होती ना?”

“होती.”

“आनि कुत्रा?”

“कुत्रा पण होता.”

“लंगडा,” ती म्हणाली आणि डबा बंद केला. “आता परत वर ठेव.”

विसरायला होतं म्हणूनच सगळं जपून ठेवते, असं मनाशी म्हणत डबा वर ठेवला. पण मग कुत्रा लंगडा होता हे तिच्या इतकं बरोबर लक्षात कसं? डोकं नीट चालत नाहीये माझं. वाईन जरा जास्त झाली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज जुहूला चित्रीकरण. श्रुतिकाला मी वाळूत बसून बेस वाजवताना हवा होतो. बरोब्बर ओहोटी होती. समुद्र इतका लांब गेलेला की कॅमेऱ्यात येईना. शेवपुरीवाला दोनदा विचारून गेला, सिरियल कोणती. तीन वेळा सुरुवात केली, तिन्ही वेळा बोटं पाचव्या सुरावर अडकली. श्रुतिका म्हणाली, भावुक झालात तुम्ही. मी मान हलवली. मान हलवायला मी कधी मागे राहत नाही.

भीमराज बरोबर आला होता. सामान गाडीत ठेवताना त्याने सरळ विचारलं, “कुणाचं आहे ते?”

“काय?”

“ते आठ सूर. तुझे नायत. तू चांगला वाजवतोस, पण तू असा नाय चालत.”

मी तिथेच, गाडीच्या दाराला धरून, सगळं सांगितलं. ऑस्टिनचं लग्न, विकी, पडवी, सई, परवानगी. परवानगीशी आलो तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. माझ्या वतीने त्याला लाज वाटली असावी.

सामान ठेवून झाल्यावर म्हणाला, “बापाच्या तीन कॅसेट निघाल्या. ढोलकी तोच, अर्ध्या चाली त्याच्या. कव्हरवर काय छापलं, म्हाइत आहे? ‘आणि साथीदार’. बाप म्हणायचा, जाऊ दे, गाणं पोचलं ना. तो म्हणायचा जाऊ दे. मी नाय म्हणत.” मग गाडीत बसताना : “ती विसरलीय असं तुला कोण बोललं?”

“ती स्वतःच.”

“बरं,” भीमराज म्हणाला आणि अंधेरीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. राग आला असेल त्याला. येऊ दे.

विकीला फोन केला. तो म्हणाला, “आत्ता? फिल्म संपत आली यार. आणि मावशी खूश आहे ना? मग कोणाची वाट लागलीय?” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

१० जानेवारी, शुक्रवार

उद्या सांगणार. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. मावशी गायली नाही तर ॲमांडाच्या लग्नात ती जागा रिकामी राहील आणि ती माझ्यामुळे राहील. वाक्य पाठ केलंय. इथे लिहीत नाही, लिहिलं की मला वाटतं काम झालं.

११ जानेवारी, शनिवार

सहा वाजता बँडबाजा आला. मावशी लुगडं नेसून, केसांत अबोली माळून सगळ्यांत मागे चालत होती. ओठ मिटलेले. पोरी जोरात गात होत्या, बरं गात होत्या, पण गाणं वरच्यावर तरंगत होतं. ॲमांडा सारखी वळून मागे बघत होती. विहिरीवरची लोखंडी जाळी उघडली, कळश्या भरल्या आणि लोक परत फिरले.

बाजेवाले दम खायला थांबले. ऑस्टिनच्या वेळी थांबले होते तसेच. श्रुतिकाचा कॅमेरा माझ्यावर होता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी मावशीसमोर जाऊन उभा राहिलो.

“मावशी, खालून धर. ते तुझं आहे. मी चोरलं होतं. जुहू-बिहू सगळं खोटं. ऑस्टिनच्या लग्नात तू गायलीस आणि मी उचललं.”

आवाज फाटला माझा. क्षणभर वाटलं, सुटलो.

मावशी कॅमेऱ्याकडे वळून हसली. “आमचा रॉनी असाच हाय,” ती म्हणाली. “आई नव्हती ना त्याला. म्या वाढवलं म्हनून समदं मलाच द्यायला बघतो. लय मोठ्या मनाचा.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! सईने डोळे पुसले. ब्रिजेटने माझी पाठ थोपटली. श्रुतिका अंगठा वर करून सांगत होती, फार सुंदर आलंय. मी कबुली दिली आणि माझाच सत्कार झाला. यापेक्षा त्यांनी मला विहिरीत ढकललं असतं तर बरं झालं असतं.

मी तसाच उभा. तेवढ्यात मावशीने शेजारच्या बाईच्या डोक्यावरची भरलेली कळशी उतरवून माझ्या खांद्यावर दिली. पुरुष घेत नाहीत कळशी. कोणी हसलं, तिने लक्ष दिलं नाही. “चल,” म्हणाली.

बायकांनी गाणं पुन्हा धरलं. दहा पावलं गेलो असू. मग माझ्या शेजारून, अगदी खालून, तो आवाज आला. पुढे चालणारी ॲमांडा जागच्या जागी थबकली, आणि तिच्या मागच्या चारजणी एकमेकींवर आदळल्या. पोरगी हसत होती आणि रडत होती.

एक, दोन, तीन, चार, पाच. मावशीने माझा दंड धरून मला थांबवलं. खाली बघितलं तर पायरी. दगडी, उंच, झिजलेली. क्रुसाजवळ गल्ली जिथे वर चढते तिथली. लहानपणापासून हजारदा चढलोय मी ती, पण कधी पाण्याने भरलेली कळशी घेऊन नाही. आधी थांबावं लागतं. तोल सावरावा लागतो, पाणी शांत होऊ द्यावं लागतं, मगच पाय उचलायचा.

“हितं थांबतात,” मावशी माझ्या कानाशी म्हणाली. कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. “तू दर वेळी घाई करतोस. पंधरा वर्षं ऐकते मी. दर वेळी वाटतं, आता सांडलं याचं पानी.”

मग ती पायरी चढली आणि उरलेले तीन सूर गायली.

तिला सगळं आठवत होतं. एक दिवसही ती विसरली नव्हती. पडवीत, तांदूळ निवडताना, डबा उघडताना. मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो!

१४ जानेवारी, मंगळवार

लग्न छान झालं. ॲमांडा काल पाठवणीची पार्टी संपेपर्यंत नाचली.

काल मावशीला म्हटलं, फिल्ममध्ये तुझं नाव घालणार. ती म्हणाली, “कशाला लोकांत तुझी शोभा?” म्हटलं, होऊ दे शोभा. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, “आयडा परेरा लिव. नुसतं आयडा मावशी नको.” आणि भांडी घासता घासता गुणगुणायला लागली.

आज जॅम रूममध्ये श्रुतिकाला पुन्हा बसवलं. शांतपणे सांगितलं, तारखेसकट. गल्लीतलं माझं बोलणं मोठ्या मनाचं वगैरे नव्हतं, ते शब्दशः खरं होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, मी तो बघत राहिलो. तिने विचारलं, “मग कुत्रा?” म्हटलं, कुत्राही नव्हता. विकी तोंड फिरवून गिटारच्या तारा जुळवत बसला. उद्या लोक काय म्हणतील ते म्हणतील. दंडावर गोंदवून घेतलेल्या पोराचं मात्र राहून राहून मनात येतं.

नंतर आम्ही ‘भरती’ वाजवलं. पाच सूर वाजवले आणि थांबलो. कळशी खांद्यावर असल्यासारखा. पाणी शांत होईपर्यंत. भीमराज काठ्या हवेत धरून तसाच थांबला, त्याने घाई केली नाही.

विकीने वळून पाहिलं. त्याला वाटलं, मी पुढचे सूर विसरलो.